'गिलमोर गर्ल्स' : मायलेकी दोन की तीन?

पाऊसवेडी : 'गिलमोर गर्ल्स' ही अमेरिकी मालिका २००० ते २००७ या काळात सात पर्वांत प्रसारित झाली. ती मी आत्ता प्रथमच, माझ्या सोळा वर्षांच्या लेकीबरोबर, रोज रात्रीच्या जेवणानंतर पाहिली. लोरेलाय सोळाव्या वर्षी आई होते, तान्ह्या रोरीला घेऊन हार्टफर्डमधले आईवडिलांचे श्रीमंत घर सोडते आणि स्टार्स हॉलो या छोट्या गावातल्या अतिथिगृहात साफसफाईचे काम धरते. पहिल्याच पर्वात रोरीही सोळा वर्षांची होते. मायलेकींची मैत्री हेच मालिकेच्या लोकप्रियतेचे कारण सांगितले जाते, पण मला ती मैत्री कधीकधी फारच गोड वाटली. इतक्या वर्षांनंतरही लोक ती पुन्हा पुन्हा का पाहत असतील?

शेवंती : माझ्या मते याचे उत्तर एमिलीमध्ये, म्हणजे रोरीच्या आजीमध्ये आहे. चिल्टन या महागड्या शाळेच्या शुल्कासाठी लोरेलायला आईवडिलांपुढे हात पसरावा लागतो आणि एमिली त्या कर्जाच्या बदल्यात दर शुक्रवारी रात्री जेवायला यायची अट घालते. लेकीला घरी बोलवायला जिला कर्जाचे निमित्त लागते, त्या आईचा एकटेपणा एमिली साकारणाऱ्या केली बिशप यांनी फारसे अश्रू न ढाळता दाखवला आहे. पहिल्या पर्वातला नृत्यसमारंभाचा भाग आठवून पाहा. पाठ धरलेल्या लोरेलायला एमिली पावावर केळे कुस्करून देते, दोघींमध्ये क्षणभर माया दाटते. पण रोरी रात्रभर घरी येत नाही तेव्हा एमिली भडकते. लोरेलाय आईसमोर लेकीची बाजू ठामपणे घेते आणि आई निघून जाताच त्याच भीतीपोटी रोरीवर तशीच बरसते. आपण जिच्यापासून पळालो तिचाच आवाज आपल्या तोंडून बाहेर पडावा, हे ज्या बाईने अनुभवले आहे, तिला ही मालिका सोडवत नाही.

दिवेलागण : शेवंतीताईंशी सहमत आहे, फक्त रोरीची मैत्रीण लेन आणि तिची आई मिसेस किम यांना विसरू नये. आईच्या धाकाने संगीताच्या सीडी खोलीतल्या फळ्यांखाली लपवणारी लेन मला रोरीपेक्षा जवळची वाटते.

नदीकाठ : मैत्री गोड वाटत असेल, तर सहावे पर्व पुन्हा पाहावे. रोरी येल विद्यापीठ सोडून आजीआजोबांच्या आवारात राहायला जाते आणि मायलेकी कित्येक महिने एकमेकींशी बोलत नाहीत. एमिलीला हवी होती ती नात मिळते, पण तीही अखेर घर सोडून जाते. तेव्हा, लोरेलायला गमावले तसेच आपण रोरीलाही गमावले, हे एमिलीचे दुःख ऐकून तिचे सांत्वन करते ती लोरेलायच. माझ्या लेखी मालिकेचा खरा कळस तोच आहे.

पाऊसवेडी : सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही २०१६ मध्ये आलेले चार भागही पाहिले. एमिलीच्या नवऱ्याची, रिचर्डची भूमिका करणारे एडवर्ड हरमन २०१४ मध्ये वारले, त्यामुळे त्यांत एमिली विधवा झालेली आहे आणि ती हार्टफर्डचे घर सोडून नॅन्टकेट बेटावर राहायला जाते. तेथील संग्रहालयात ती लोकांना व्हेलच्या शिकारीची माहिती सांगते, त्या दृश्याला माझ्या लेकीने मालिका थांबवली आणि उठून तिच्या आजीला फोन लावला.