बाल्टिमोरचे संघ : गेलेले, आलेले आणि राहिलेले

नमस्कार मंडळी,

यंदा मंडळातर्फे सगळ्यांनी मिळून कॅम्डन यार्ड्स स्टेडियमला ओरिओल्स या बेसबॉल संघाची मॅच बघायला जायचं ठरतंय. मुलांसाठी शहरातल्या संघांच्या इतिहासाचं एक पान करतेय, पण फुटबॉलपाशी (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) अडकले. आताचा संघ रेव्हन्स तर 1996 पासूनचा. मग आमच्या शेजारचे आजोबा ज्या कोल्ट्सबद्दल अजून गहिवरून बोलतात, ते इंडियानापोलिसला कसे? जुन्या सभासदांपैकी कोणी लिहाल का?

सांस्कृतिक समितीतर्फे

---

नमस्कार ताई,

फार बरं केलंत विचारलंत. त्या आजोबांचं दुःख मी जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बेसबॉल. ओरिओल्स 1954 मध्ये सेंट लुईसहून इथे आले आणि 1966, 1970 व 1983 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकले. मुलांना कॅल रिपकेन नक्की सांगा. 6 सप्टेंबर 1995 ला तो सलग 2,131वा सामना खेळला आणि लू गेरिगचा विक्रम मोडला. त्याच्याही आधीचा, वर्णभेदाच्या काळातला एलिट जायंट्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ वगळू नका. पुढे ब्रुकलिन डॉजर्समधून गाजलेला रॉय कॅम्पानेला कोवळ्या वयात या संघात खेळला. अशा याद्यांतून नेमके हेच संघ गळतात, याचं मला वाईट वाटतं.

बास्केटबॉलचे बुलेट्स 1973 मध्ये वॉशिंग्टनजवळच्या लँडोव्हरला गेले. आजचे वॉशिंग्टन विझर्ड्स ते हेच.

आता कोल्ट्स. 1953 पासून हा संघ 33व्या स्ट्रीटवरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये खेळायचा. जॉनी युनिटस हा त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. पिट्सबर्गने त्याला 1955 मध्ये एकही सामना न खेळवता काढून टाकलं होतं. बांधकामावर मजुरी करत तो मॅचमागे सहा डॉलरवर अर्धव्यावसायिक संघात खेळत होता, तिथून कोल्ट्सने त्याला उचललं. 28 डिसेंबर 1958 ला यँकी स्टेडियममध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा लीगचा अंतिम सामना ठरलेल्या वेळेत बरोबरीत राहिला, जादा वेळ द्यावा लागला आणि कोल्ट्स 23-17 ने जिंकले. देशभर लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. फुटबॉल घराघरात पोचला तो त्या सामन्यामुळे, असं इथली जुनी माणसं सांगतात, आणि मला ते पटतं.

1972 मध्ये रॉबर्ट अर्सी मालक झाले. त्यांना स्टेडियम चांगलं हवं होतं. शहराशी आणि राज्याशी वर्षानुवर्षं बोलणी झाली, पण जमलं नाही. तिकडे इंडियानापोलिसने संघ हातात नसतानाच बंदिस्त स्टेडियम बांधायला घेतलं होतं. मार्च 1984 मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळात, सार्वजनिक कामासाठी जमीन ताब्यात घेतात तसा संघच ताब्यात घेता यावा, असा कायदा पुढे सरकला. अर्सींनी तो अमलात येण्याची वाट पाहिली नाही. 28 मार्चच्या रात्री ओविंग्ज मिल्सच्या सराव केंद्रावर सामान हलवणाऱ्या मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक लागले आणि पहाटेपर्यंत हेल्मेटांपासून फायलींपर्यंत सगळं भरून गेलं. ट्रकवर बर्फ पडत होता. ते दृश्य टीव्हीवर पाहून आमच्या ऑफिसातले चांगले धिप्पाड लोक रडले होते.

संघ गेला यापेक्षा नाव गेलं, निळा-पांढरा रंग गेला, युनिटसचे विक्रमही गेले, हे जास्त लागलं. आजही ते विक्रम इंडियानापोलिसच्या खात्यावर दिसतात. युनिटसने स्वतः त्या संघाशी नातं ठेवलं नाही.

तुमचा,
काका (पाइक्सव्हिल)

---

काका, नमस्कार.

मेल वाचताना गलबलून आलं. पण पुढचा भाग क्लीव्हलँडच्या बाजूनेही सांगायला हवा. आम्ही तेव्हा अ‍ॅक्रनला राहत होतो.

6 नोव्हेंबर 1995 ला क्लीव्हलँडच्या ब्राउन्स या फुटबॉल संघाचे मालक आर्ट मोडेल यांनी इथे बाल्टिमोरमध्ये जाहीर केलं की संघ हलवतोय. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडच्या मतदारांनी जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी कर चालू ठेवायला मंजुरी दिली! म्हणजे लोक पैसे द्यायला तयार होते. डिसेंबरमधल्या, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात प्रेक्षकांनी बाकांच्या रांगा उखडून मैदानात फेकल्या. जे बाल्टिमोरने सोसलं, तेच बाल्टिमोरने दुसऱ्या शहराला दिलं, हे मुलांच्या पानावर यायलाच हवं.

फरक एवढाच की क्लीव्हलँड भांडलं. कोर्टकचेरी झाली आणि 1996 च्या तडजोडीत ब्राउन्स हे नाव, रंग आणि विक्रम शहराकडेच राहिले. 1999 मध्ये नवा संघ त्याच नावाने उभा राहिला. मोडेल खेळाडू घेऊन आले आणि त्यांचा संघ इथे रेव्हन्स झाला, पण इतिहास ते घेऊन आले नाहीत. म्हणून रेव्हन्सचा इतिहास 1996 पासून सुरू होतो.

एक सभासद (कोलंबिया)

---

ताई, अगदी खरं आहे. रेव्हन्स आले तेव्हा आनंद झाला होता, तरी क्लीव्हलँडच्या लोकांचे चेहरे टीव्हीवर बघवत नव्हते. नाव आणि विक्रम शहराकडेच राहावेत, हा नियम सगळ्यांना लागू व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. तो 1984 मध्ये असता तर युनिटस आज कागदोपत्रीही बाल्टिमोरचाच असता.

दोन गोष्टी पानावर जरूर घ्या. संघ गेला त्या रात्री कोल्ट्सच्या बँडचे गणवेश धुलाईला दिलेले होते, म्हणून वाचले. तो बँड संघाशिवाय वाजवत राहिला, दुसऱ्या शहरांच्या सामन्यांतही, अगदी क्लीव्हलँडलाही. रेव्हन्स आल्यावरही काही काळ त्याने जुनंच नाव ठेवलं होतं. शिवाय 1994-95 मध्ये इथे कॅनडाच्या फुटबॉल लीगचा संघ होता. त्याला कोल्ट्स हे नाव लावू दिलं नाही. पुढे स्टॅलियन्स नावाने त्याने 1995 चा ग्रे कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, जिंकला. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही संघाला ते जमलेलं नाही. पण रेव्हन्स येणार म्हटल्यावर तो माँट्रियलला गेला.

मॅचच्या दिवशी थोडं लवकर जमू. कॅम्डन यार्ड्सहून रेव्हन्सच्या स्टेडियमपर्यंत चालत जाता येतं, तिथे बाहेर युनिटसचा पुतळा आहे. आणि राष्ट्रगीताच्या शेवटी सगळं मैदान ओरिओल्ससाठी एकदम ‘ओ!’ म्हणून ओरडतं, लहान मुलं दचकतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

काका