विचारलं तर नाही, वागताना मात्र हो

यंत्रं हुशार झाली म्हणून लोकांना त्यांच्यात भावना दिसू लागल्या, असं बरेचदा म्हटलं जातं, पण मला ते पटत नाही. त्याला हुशारी लागतच नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा हा टाइप करून गप्पा मारण्याचा संगणक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो तुमचेच शब्द उचलायचा, 'मी'चं 'तुम्ही' करायचा आणि प्रश्न बनवून परत द्यायचा. आईचा उल्लेख आला की 'घरच्यांबद्दल आणखी सांगा'. बस्स, एवढंच. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने त्यांना कित्येक महिने त्यावर काम करताना पाहिलं होतं. तरीही चार वाक्यं बोलून झाल्यावर तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं!

त्याआधी, १९४४ मध्ये, हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ पडद्यावर नुसतं हलवून दाखवलं, तर बघणाऱ्यांना त्यात दादागिरी आणि पाठलाग दिसला.

गंमत म्हणजे सरळ विचारलं की लोक वेगळंच सांगतात. २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांनी रोबोला विचार करण्याची थोडीफार क्षमता दिली, पण वेदना, भूक, भीती जवळजवळ नाहीच. मला ही फट महत्त्वाची वाटते. 'यंत्राला भावना नसतात' असं ठामपणे म्हणणारा माणूसही रात्री एकटा असताना यंत्राकडेच मन मोकळं करतो. त्याला भोळा म्हणू नका. समोरून 'हे ऐकून वाईट वाटलं' असं आलं की आपण आपोआप विरघळतो. ते वाक्य तिथे कोणी आणि कशासाठी ठेवलं, याची चौकशी मला जास्त गरजेची वाटते.