मदत हवी आहे: ७ किमी वायरलेस लिंक, सिग्नल हिशोबापेक्षा खूपच कमी

दोन टोकांना ५.८ गिगाहर्ट्झचे रेडिओ आणि २३ डीबीआयच्या (सिग्नल एका दिशेत एकवटण्याचं माप) डिश लावल्यात, अंतर ७ किमी, पॉवर २० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक). हिशोबाने सिग्नल उणे ५९ डीबीएमच्या आसपास यायला हवा पण मिळतोय उणे ७६, आणि स्पीड तर विचारूच नका. दुर्बिणीतून समोरचा खांब स्वच्छ दिसतो, फक्त साधारण मध्यावर झाडांची एक रांग आहे, तिचे शेंडे सरळ रेषेच्या ४ मीटर खाली. फ्रेनेल झोनची (सरळ रेषेभोवतीचा, लहरींसाठी मोकळा लागणारा लांबट पट्टा) त्रिज्या तिथे साडेनऊ मीटर येते, म्हणजे ६० टक्के मोकळं हवं तर पावणेसहा मीटर लागतील, तेवढे नाहीत.

करून झालेलं: चॅनल बदलले, चॅनलची रुंदी ४० ची २० मेगाहर्ट्झ केली, अंतराचं सेटिंग ७ किमी केलं, केबल-कनेक्टर बदलले, दोन्हीकडे पोलरायझेशन (लहरींची उभी-आडवी दिशा) सारखंच आहे. डिश आडवी फिरवून जास्तीत जास्त सिग्नलवर आणली, उभ्या दिशेत मात्र अंदाजानेच ठेवलीय (हे चुकलं असेल तर बोला).

झाडं तोडायची नाहीयेत, आणि खांब एकाच बाजूला, तोही फार तर ३ मीटर वाढवता येईल. तर १७ डीबीचा फटका नुसत्या झाडांमुळे बसू शकतो का, की डिश साइड लोबवर (मुख्य झोताच्या बाजूच्या कमजोर झोतावर) अडकलीय, आणि खांबाला हात लावायच्या आधी हे ओळखायचं कसं?