सेटवर 12 दिवस काम केलं, आता मुंबईला जाऊ का बीएड करू?

वाईकरीण_22
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. यंदा बीएस्सी फिजिक्स झालं. घर वाईजवळ, त्यामुळे शूटिंगचं कौतुक असं काही नाही, मेणवलीचा घाट आमच्यापेक्षा सिनेमावाल्यांनीच जास्त वापरलाय. मे महिन्यात एका सिरियलचं आउटडोअर आमच्या गावात लागलं आणि त्यांना लोकल मुलगी पाहिजे होती, घरोघरी परवानग्या, जेवणाची सोय, गर्दी आवरायला वगैरे. 12 दिवस गेले. पाचव्या दिवशी बूम (टोकाला माइक लावलेली लांब काठी) धरणारा दादा आजारी पडला, तर साउंडवाल्या काकांनी काठी माझ्या हातात दिली, दोन दिवस मीच धरली. हात भरून आले पण हेडफोन लावल्यावर जे ऐकू येतं ना ते बाहेर कुणाला येतच नाही, लांब पिठाची गिरणी चालू झालेली मला सगळ्यात आधी कळायची, मी हात वर करायची आणि सगळं युनिट थांबायचं. सीन संपला की काका सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायचे, प्रत्येक खोलीची वेगळी.

असो, मुद्दा हा की मला डायरेक्टर व्हायचंय. तिथल्या असोसिएट डायरेक्टरनी मुंबईला चौथी असिस्टंट डायरेक्टर म्हणून ये म्हटलंय, पैसे सुरुवातीला फार नाहीत. आई म्हणते बीएडचा फॉर्म भर, नोकरी लागली की कर काय नाटकं करायचीत ती. काय करू?

चहा_कटिंग
आईचं ऐक. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, 1969 ला पूर्णवेळ रंगभूमीवर आले तेव्हा चाळिशी ओलांडलेली. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर. आधी पोटाचं बघितलंच ना सगळ्यांनी.

पॅकअप_कधी
हे डॉक्टरांचं उदाहरण प्रत्येक धाग्यावर येतं आणि प्रत्येक वेळी मला उठून उत्तर द्यावं लागतं. अहो, नाटकाच्या तालमी संध्याकाळी असायच्या, दिवसभर दवाखाना करून जाता यायचं. सिरियलचा सेट म्हणजे बारा तासांची शिफ्ट, सकाळी सातचा कॉल, त्यात घोडबंदर नाहीतर मढला पोचायचं, शाळेत शिकवून हे जमत नसतं. एकतर हे, नाहीतर ते.

आता ताई तुला. मी नऊ वर्षं डेलीसोपला आहे, सध्या असोसिएट. चौथी असिस्टंट म्हणजे काय ते सांगतो, कॉस्च्युमची कंटिन्युइटी लिहायची, आर्टिस्टला व्हॅनमधून बोलवायचं आणि कालच्या सीनला टिकली कुठली होती म्हणून शिव्या खायच्या. दिग्दर्शन शिकायला मिळतं का, तर मिळतं, पण रोजचा 22 मिनिटांचा एपिसोड काढायचा असतो त्यामुळे जे शिकतेस ते 'वेळेत कसं उरकायचं' हे. वाईट नाही ते, कामाला येतं. पैशाचं मात्र लिहून ठेव, टीव्हीत बहुतेक ठिकाणी नाइन्टी डेज क्रेडिट चालतं, म्हणजे जूनच्या कामाचे पैसे ऑक्टोबरात. आणि ते बुडतातही. माझे एका प्रॉडक्शनकडे तीन महिन्यांचे अजून अडकलेत, फोनच उचलत नाहीत. चार-पाच महिने भाडं आणि डबा निघेल एवढे जवळ असतील तरच ये, आणि रेट व्हॉट्सॲपवर का होईना लिखित घे. ठाण्यात मुलींसोबत रूम शेअर कर, अंधेरीच्या नादी लागू नकोस.

रूमटोन
कुणी नीट वाचलं का तिने काय लिहिलंय? डायरेक्टर व्हायचंय हे एक वाक्य आणि त्याच्या आधी दहा ओळी बूम, हेडफोन, गिरणी, शांतता. बाई गं, तुला साउंड आवडलंय.

मी त्यातलाच, म्हणून बोलतो. पुण्यात लॉ कॉलेज रोडला जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 पासून एफटीआयआय म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे साउंडचा कोर्स आहे, ग्रॅज्युएट लागतो, आणि माझ्या वेळी बारावीला फिजिक्स असणं सक्तीचं होतं, आताचे नियम वेबसाइटवर बघ. म्हणजे तुझं फिजिक्स वाया जात नाही, तिथे उपयोगीच. सीट मोजक्याच, एन्ट्रन्स देशभरातून देतात, पहिल्या वेळी नाही झालं तर रडायचं नाही, माझं दुसऱ्यांदा झालं. कोलकात्याचं सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटपण आहे. रसूल पूकुट्टी आमच्याच साउंडचे, 2009 ला 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या साउंडसाठी ऑस्कर घेऊन आले, पण ते सोड, तसं कुणाचं रोज होत नाही. रोजचं काय होतं तर डायरेक्टर व्हायला आलेल्यांची रांग अंधेरीपासून विरारपर्यंत असते आणि चांगला बूम धरणारं माणूस शेड्यूलच्या आदल्या रात्री फोन करकरून शोधावं लागतं. मुली तर अगदीच कमी. शिवाय ज्यांना दिग्दर्शनच करायचंय ते साउंडमधून, एडिटमधूनही जातात, दार बंद होत नाही.

चहा_कटिंग
बूमला पेन्शन असते का 😄

पॅकअप_कधी
डायरेक्टरला असते का?

रूमटोनचं पटलं मला. हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं.

वाईकरीण_22
तुम्ही म्हणताय ते वाचून दोन दिवस नुसती फिरत होते. खरंय, असिस्टंट डायरेक्टर काय करतात ते मी सेटवर बघितलंच नाही, मी काकांच्या पेटीजवळच बसलेली असायचे. त्यांना फोन केला, म्हणाले ऑक्टोबरात साताऱ्यात शेड्यूल आहे, हात टिकणार असेल तर ये. बीएडचा फॉर्म भरलाय, खोटं कशाला सांगू, पण एन्ट्रन्सचे जुने पेपरपण डाउनलोड केलेत. मुंबईला सध्या नको म्हणून कळवलं.

आईला समजावायचं म्हणून रात्री मोबाइलवर आमच्या स्वयंपाकघराची शांतता रेकॉर्ड केली आणि तिच्या कानाला इअरफोन लावले. बराच वेळ ऐकत बसली. मग म्हणाली, विहिरीवरची मोटर चालू राहिलीय गं, बंद करून ये.