टांगानिका सरोवराकाठचे चिंपांझी: गोम्बेला जावे की महालेला?

कारेलीबागकर
नमस्कार. आम्ही बडोद्यात राहतो. गेली काही वर्षे बाजूला टाकलेल्या पैशांतून पुढील वर्षी टांझानियाला जाण्याचा विचार आहे, आणि तोही सिंह-हत्ती पाहण्यासाठी नव्हे, तर केवळ जंगलातील चिंपांझी पाहण्यासाठी. माझी सोळा वर्षांची मुलगी चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांच्याविषयी वाचत मोठी झाली असून १९६० साली त्या ज्या किनाऱ्यावर उतरल्या, तो तिला एकदा पाहायचा आहे. आमच्याबरोबर अकरा वर्षांचा मुलगा आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाईही असतील. सासूबाई पावागड अजूनही चढतात, मात्र मधून मधून बसत. गोम्बे आणि महाले या दोन्ही उद्यानांची नावे वाचनात आली. आमच्यासारख्या कुटुंबाने कोठे जावे, किती दिवस ठेवावेत आणि कोणता महिना निवडावा?

रावपुरेकर
आम्ही २०१९ च्या सप्टेंबरात दोन्ही ठिकाणी जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो. आधी अप्रिय गोष्ट सांगतो: गोम्बेमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना चिंपांझींकडे नेत नाहीत आणि महालेतही लहान मुलांसाठी वयाची अट आहे. तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी मुलाचा विचार करावा.

दोन्ही उद्याने टांगानिका सरोवराच्या पूर्व काठावर आहेत आणि दोन्हींकडे किगोमा शहरातून जाता येते. दार-ए-सलामहून तेथे विमान जाते. गोम्बे किगोमाच्या उत्तरेला जवळच आहे, परंतु तेथवर रस्ता नाही, बोटीनेच जावे लागते. महाले दक्षिणेला शंभर किलोमीटरहून दूर असून तेथे छोट्या विमानाने आणि मग बोटीने, किंवा सगळे अंतर बोटीने कापून पोहोचता येते, त्यामुळे खर्च बराच वाढतो. गोम्बे अगदी लहान आहे, तर महाले १,६०० चौरस किलोमीटरांच्या पुढे पसरलेले, दाट आणि उंच पर्वतांचे रान आहे.

चालण्याविषयी सांगायचे तर, पावागडाची तुलना येथे उपयोगाची नाही, कारण पायऱ्या नाहीत आणि कोठवर जायचे हेही आधी ठरलेले नसते. सरोवराचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरांवर आहे आणि मागची डोंगररांग दीड हजार मीटरांच्या वर जाते. रात्री चिंपांझींनी झाडावर घरटी कोठे बांधली, हे माग काढणारे पहाटे पाहून येतात आणि आपण त्यांच्यामागे निघतो. पहिल्या दिवशी ते आम्हाला पाऊण तासात भेटले, दुसऱ्या दिवशी पाच तास वेलींतून आणि घसरड्या उतारांवरून चालूनही केवळ दूरच्या हाका ऐकू आल्या. म्हणून एका दिवसाच्या भरवशावर जाऊ नये, किमान तीन सकाळी हाताशी ठेवाव्यात. भेट झाली की घड्याळ लावतात: सहा जणांचा गट, तोंडावर मास्क आणि एकच तास. महालेत एक मादी खोडाच्या भोकात सोललेली काडी घालून मुंग्या बाहेर काढत होती आणि तिचे पिल्लू तिच्या हातावरून नजर हलवत नव्हते. तो तास इतक्या लवकर संपला, की माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले.

माझे मत महालेच्या बाजूने आहे.

फतेहगंज_प्राणिशास्त्र
रावपुरेकर यांच्या मताचा आदर ठेवून मी गोम्बे सुचवीन, कारण प्रश्न या मुलीचा आहे आणि गुडाल उतरल्या तो किनारा गोम्बेचाच. महालेतही १९६५ पासून क्योटो विद्यापीठाचे संशोधक काम करीत आले आहेत, हे खरे. परंतु गोम्बेमध्ये आज दिसणाऱ्या एखाद्या प्राण्याची आई, आजी आणि पणजी कोण होती, हे वाटाड्या नावानिशी सांगू शकतो. मी दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा मला सर्वांत मोलाचे तेच वाटले. दोन्हीकडच्या रीतीही निराळ्या आहेत. गोम्बेचे चिंपांझी वारुळात काडी घालून वाळवी काढतात, तर महालेचे एकमेकांचे केस साफ करताना एकेक हात वर करून हातात हात धरतात, आणि गोम्बेमध्ये ही रीत नाही.

महिन्याबाबत एक अडचण आहे. जुलै ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत वाटा बऱ्या असतात आणि चिंपांझी बहुधा खालच्या उतारांवर सापडतात. वाळवीचा हंगाम मात्र पावसाच्या सुरुवातीचा असतो. गुडाल यांनी काडीचा वापर पाहिला तोही १९६० च्या नोव्हेंबरातच. सासूबाई बरोबर असतील, तर वाळवीचा मोह सोडून सप्टेंबर धरावा.

दांडियाबाजार_वैद्य
मी डॉक्टर आहे, म्हणून मास्कविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. आपले श्वसनाचे विषाणू चिंपांझींना लागतात आणि आपल्याला दोन दिवस नाक गळायला लावणारे दुखणे त्यांच्यात जीवघेणे ठरते. १९६६ साली गोम्बेमध्ये पोलिओसारखी साथ आली होती, तिच्यात काही प्राणी दगावले आणि काही कायमचे लुळे झाले. तेव्हा कोणाला खोकला किंवा ताप असेल, तर त्याने आपणहून काठावर थांबावे, पैसे भरलेले असले तरीही. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी सर्वांनी फ्लूची लस घ्यावी. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, हे ध्यानात ठेवावे, आणि हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

कारेलीबागकर
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल जेवताना घरात बोलणे झाले. गोम्बे आणि सप्टेंबर हे नक्की केले. मुलगी आणि मी तीन सकाळी जंगलात जाऊ. मुलगा, त्याचे वडील आणि सासूबाई किगोमात राहतील व उजीजीला जातील, कारण १८७१ साली स्टॅन्ली आणि लिव्हिंग्स्टन हे शोधप्रवासी जेथे भेटले, ते ठिकाण सासूबाईंना इतिहासाच्या शिक्षिका म्हणून पाहायचेच आहे. मुलगा दोन तास कोणाशी बोलला नाही. मग पंधरा पूर्ण झाल्यावर त्याला नेण्याचे वचन मी दिले आहे आणि ते पाळणार आहे. एकच शंका उरली: किगोमाहून बोट केव्हा घ्यावी?

रावपुरेकर
पहाटेच निघावे. आम्ही दुपारी निघालो होतो, तेव्हा वारा वाढून लाटा बोटीत येत होत्या आणि कॅमेऱ्याची पिशवी पूर्ण भिजली. सामान प्लास्टिकमध्ये बांधून घ्यावे. उतरल्यावर काठावर उघड्यावर काही खाऊ नये, कारण तेथील बबून माकडे हातातले हिसकावून नेतात, आणि खोलीचे दार प्रत्येक वेळी आठवणीने लावावे.