दुर्लक्ष करूनही डोकं आपटणं वाढतंय

पारिजात: मुलगा ६ वर्षांचा, ऑटिझम, शब्द तीन-चारच. मणी ओवायला बसवलं की दोन मिनिटांत कपाळ टेबलावर आपटतो. दोन आठवडे 'लक्ष देऊ नका' पाळतोय: बोलत नाही, बघत नाही, मणी बाजूला सारून तो शांत होईपर्यंत थांबतो. सत्रात ५-६ वेळा व्हायचं, आता १५ च्या पुढे. हा एक्स्टिंक्शन बर्स्ट (बक्षीस बंद झालं की वागणं थांबण्याआधी काही काळ उसळतं ते) समजून नेट धरायचा का?

नोंदवही: बर्स्ट कसला, बक्षीस मिळतंय त्याला! लक्ष काढून घेतलंत, पण सोबत मणीही काढून घेतलेत. बहुधा त्याला तेच हवं असावं. वर्तन-संशोधक इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या मुलांना लक्ष, काम, एकटेपणा, खेळ अशा चार परिस्थितींत १५-१५ मिनिटं पाहिलं. वागणं सारखं, पण कारण मुलागणिक निराळं निघालं. ती चाचणी वर्गात करू नका, तिला डॉक्टर आणि थांबायचे निकष लागतात. पाच दिवस एबीसी नोंद (आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं) ठेवा. 'चिडला' लिहू नका. 'तिसरा मणी दिला, ४ सेकंदांत आपटलं, मणी उचलले' असं लिहा.

ओंजळ: त्याआधी कान, दात, बद्धकोष्ठता तपासून घ्या. काम नसताना किंवा रात्रीही आपटत असेल तर दुखण्याचा संशय जास्त. मार डोळ्याजवळ बसत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर गाठा, पडदा सुटू शकतो.

धागादोरा: कारण 'काम नको' असंच निघालं तर ब्रेक कार्ड ('सुट्टी हवी' हे न बोलता सांगायचं कार्ड) शिकवा. कार्ड त्याच्या हाताशी चिकटवा. दुसरी व्यक्ती मागे बसून, काही न बोलता, त्याचा हात धरून कार्ड द्यायला लावेल. कार्ड मिळताच मणी दूर, ३० सेकंद सुट्टी. आपटल्यावर मात्र कार्ड पुढे करू नका, नाहीतर 'आपटा, मग कार्ड द्या' अशी साखळीच पक्की होते. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच.

पारिजात: आपटण्याआधी तो बाही चावतो. आणि सारखं कार्डच देत बसला तर?

धागादोरा: बाही तोंडाकडे निघाली की लगेच कार्ड द्यायला लावा. सुरुवातीला दर वेळी सुट्टी द्याच, काम बुडालं तरी चालेल. आपटणं जवळजवळ थांबलं की 'एक मणी, मग कार्ड', पुढे दोन, चार. पुन्हा वाढलं तर एक पायरी मागे या. तोवर टेबलाच्या कडेला जाड फोम लावा. आपटायला गेलाच तर मध्ये उशी धरा, मुकाट्याने. मणी तिथेच राहू द्या, सोपा करून एक ओवून घ्या. जखम होण्याइतकं आपटत असेल तर हे एकट्याने करू नका.