ऑर्थर सीट एका दिवसात: साताऱ्याहून कुठून आणि किती वाजता?

मिरजकर: नोव्हेंबरात आई-बाबांना महाबळेश्वरचं ऑर्थर सीट दाखवायचंय. मुक्काम साताऱ्यात, गाडी घरचीच. बाबांचे गुडघे दुखतात. मेढ्यावरून जावं की वाईवरून? आणि टॅक्सीवाल्यांच्या यादीतले सगळे पॉइंट करावेत का?

केळघरवाला: जाताना मेढा, येताना वाई. मेढ्यावरून महाबळेश्वर ५५ किमीच्या आसपास, वर्दळ कमी. (भर पावसात मात्र केळघर घाटात दरडी येतात, तेव्हा वाईच.) सहाला निघा. बाजारात नाश्त्याला रेंगाळू नका, थेट क्षेत्र महाबळेश्वरवरून पुढे. महाबळेश्वरच्या बाजारापासून ऑर्थर सीट १२-१३ किमी, शेवटचा रस्ता जंगलातला आणि अरुंद. दहानंतर समोरून एक मिनीबस आली की सगळं ठप्प. शनिवार-रविवार टाळाच.

कडेलोट: लवकर जायचं खरं कारण ऊन. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, सावित्रीचं खोरं, खालचा चंद्रगड, पलीकडचं कोकण स्पष्ट दिसतं. दुपारनंतर सगळं धुरकट, फोटो पांढरेफटक. समोरच्या कड्यावरच्या आडव्या पट्ट्या नीट बघा, एकावर एक साचलेले लाव्हाचे थर आहेत ते. कठीण थर सरळ उभा तुटतो, मऊ थर झिजून उतार होतो आणि त्यावर गवत धरतं. हे बघायला दहा मिनिटं काढा, सेल्फी नंतर.

गुडघ्यांचं म्हणाल तर, पार्किंगपासून चढउताराची पायवाट आणि पायऱ्या आहेत. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, काठी न्या. विंडो पॉइंटच्या पायऱ्या बाबांनी गाळाव्यात. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं हिसकावतात.

मिरजकर: आभार दादा. खाली टाकलेली वस्तू परत वर येते म्हणतात, ते खरं का?

कडेलोट: हलकी असेल तर येते. कोकणातून येणारा वारा कड्याला धडकून वर वळतो, दुपारी त्याला जोर असतो. सुकं पान पुरतं. लोक बाटलीची झाकणं टाकतात, त्यातली निम्मी परत येत नाहीत आणि खोऱ्यात कचरा होतो. आईंना पदर खोचायला सांगा, टोपी खिशात. कठड्यावर बसू नका.

वाईकरीण: यादीतले निम्मे पॉइंट तीच दरी दुसऱ्या कोनातून दाखवतात. ऑर्थर सीटवरून परतताना क्षेत्र महाबळेश्वरातलं पंचगंगेचं आणि कृष्णाबाईचं देऊळ करा. कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ शांत असतं, तिथे गर्दी कमी. चारच्या सुमारास पाचगणी रस्त्यावरून आत केट्स पॉइंट. तो पूर्वेकडे बघतो, म्हणजे धोम आणि बलकवडी धरणांच्या पाण्यावर ऊन तुमच्या पाठीमागून पडतं. सकाळी तिथे गेलात तर सूर्य डोळ्यांवर येतो. चालणंही थोडंच, बाबांना जमेल. तिथून पसरणी घाट अंधाराआधी उतरा.

केळघरवाला: सहमत. आणि पेट्रोल साताऱ्यातच भरा.